विहिरीच्या काठावरून : गवतात झाकलेले दगड

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की, बत्तीस वर्षं जमिनीखालचं पाणी शोधताना मला सगळ्यात जास्त सापडल्या त्या माझ्याच चुका. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की ठिबक आणि शेततळ्यांचे प्रश्न या खेपेला बाजूला ठेवावे लागले. काहींनी कौतुक केलंय, दोघांनी चिमटे काढलेत, एकाने तर ‘मग पेन्शन परत करा’ असं सुचवलंय. (नाही करणार.) त्यातली पाच पत्रं घेते आहे. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या शेतात दोन बोअर फेल गेल्या. मग पाणाड्या आणला. त्याने तळहातावर नारळ धरून शेत फिरून जागा दाखवली आणि तिथे दोन इंच पाण्याची धार लागली. मुलगा कृषी पदवीधर आहे, तो म्हणतो योगायोग. पण नारळ उभा राहताना मी डोळ्यांनी पाहिला. आता चौथी बोअर मारायची आहे. तुम्ही शास्त्रवाल्या, तुम्ही काय म्हणता? — एक शेतकरी, ता. सिन्नर

दादा, सिन्नरच्या बाजूला दोन इंच पाणी म्हणजे चेष्टा नाही, तेव्हा आधी अभिनंदन. नारळ उभा राहिला हे तुम्ही पाहिलंत, त्यावर मी वाद घालणार नाही. मीही पाहिलाय. आडवा ठेवलेला नारळ हळूहळू शेंडी वर करतो, ताठ होतो, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. माझी शंका पुढची आहे. त्याला उभं कोण करतं?

१८५३ साली लंडनमध्ये टेबलं फिरवण्याचं वेड होतं. माणसं टेबलावर हात टेकून बसायची आणि टेबल सरकू लागायचं. भुतं सरकवतात, असं बोललं जायचं. मायकेल फॅरडे, तोच विजेचा फॅरडे, त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ लुकणाने चिकटवलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबल आपण होऊन सरकत असेल तर खालचा पुठ्ठा आधी हलायला हवा. हलला वरचा. म्हणजे हातच ढकलत होते आणि हात ज्यांचे, त्यांना पत्ता नव्हता. मग त्याने हाताची हालचाल दाखवणारी एक काडी बसवली. काडी डोळ्यांसमोर आल्यावर टेबल सरकायचं थांबलं. ती माणसं खोटारडी नव्हती. पाणाड्याही बहुतेक वेळा नसतो.

मग जागा बरोबर कशी निघते? पाणाड्यासोबत एखादा दिवस चाला, मी चालले आहे. शेतात पाय ठेवल्या ठेवल्या त्याची नजर ओढ्याकडे जाते, मग उंबराकडे, वारुळाकडे, शेजारच्या विहिरीकडे, चैत्रातही हिरव्या राहिलेल्या पट्ट्याकडे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय असल्या खुणांवर लिहिलाय. तुमच्या पाणाड्याच्या डोक्यात चाळीस वर्षांचं शिवार आहे, आणि श्रेय मात्र तो नारळाला देतो. आपल्याला काय माहीत नाही हे न कळणारी माणसं पुष्कळ भेटतात. आपल्याला काय माहीत आहे हे न कळणारी कमी. तो त्यातला.

आता खडकाचं बघू. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बेसाल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. थराचा वरचा भाग बुडबुड्यांमुळे जाळीदार, खालचा ठोकळ काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, जाळीत, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. पंचवीस फूट रुंदीची विहीर खणली की बऱ्याच भेगा कापल्या जातात. सहा इंची बोअर म्हणजे अंधारात सुई टोचणं. भेग लागली तर लागली, पंधरा पावलांवर दुसरी मारा, नुसती धूळ उडेल. असल्या खडकात नशिबाचा वाटा मोठा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की जन्मभर त्या कावळ्याचं नाव होतं.

तुमच्या पत्रात मला एक आकडा सापडला नाही. याच पाणाड्याने पंचक्रोशीत आणखी किती जागा दाखवल्या आणि त्यातल्या किती कोरड्या गेल्या? पाणी लागलेल्या बोअरवर मोटर बसते, पूजा होते, पेढे वाटतात. कोरड्या बोअरच्या तोंडावर दगड ठेवतात आणि घरात तो विषय काढायचा नाही असं न बोलता ठरतं. गावातून फेरी मारली तर मोटारींचा आवाज येतो. दगड गवतात झाकलेले असतात.

चांगले शिकलेले लोकही इथे घसरतात. म्युनिकजवळ १९८७-८८ साली एका कोठारात प्रयोग झाले. खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ एका रेषेवर हवा तिथे सरकवायचा, वरच्या मजल्यावर पाणाड्याने जागा ओळखायची. निवडून घेतलेले ४३ पाणाडे, ८४३ चाचण्या. प्रयोग करणाऱ्यांनी सांगितलं की बहुतेकांना जमलं नाही, पण मोजक्या काहींच्या अंगी खरंच काहीतरी आहे. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा मांडले, तर ते मोजकेही एका फेरीत चमकलेले आणि दुसऱ्या फेरीत इतरांसारखेच चाचपडलेले निघाले. पन्नास जणांनी नाणी उडवली तर कोणाचे तरी सलग पाच छापे पडायचेच. त्याला नाणेबहाद्दर म्हणायचं की नाही, ते नाणी उडवायच्या आधी ठरवायला हवं.

हे सगळं मी तावातावाने सांगत फिरायचे त्या वयातली गोष्ट. माण तालुक्यातल्या एका गावात मी दोन पाणाड्यांची परीक्षा घेतली. एकाने पाच जागा दाखवल्या, चुन्याची फक्की टाकली. मी अंतरं वहीत उतरवली, फक्की पुसली, दुसऱ्याला बोलावलं. त्याच्या पाचांतली एकच जुळली, ओढ्याकाठची, जी मेंढरामागच्या पोरानेही दाखवली असती. मी मोठ्या तोऱ्यात वही मिटली. पारावर एक म्हातारबाबा बसले होते. म्हणाले, “बाई, झ्याक केलंसा. आता तुमच्या मशिनीचं बी आसंच करा की.”

दादा, ते मला झोंबलं. जमिनीत खुंट्या ठोकायच्या, वीज सोडायची आणि खालचा खडक ती किती अडवतो हे मोजायचं, असं आमचं शास्त्र. पण माझे कागद न दाखवता दुसऱ्या भूवैज्ञानिकाला त्याच शेतात मी कधी उभं केलं नव्हतं. पुढच्या महिन्यात केलं. आमच्या पाच-पाच जागांपैकी दोन जुळल्या. प्रामाणिकपणे पारावर जाऊन सांगितलं, तर म्हातारबाबा म्हणाले, “म्हंजी तुमी दुप्पट हुशार.”

तेव्हापासून मी वही घातली. बोअरची गाडी शेतात यायच्या आत डाव्या पानावर लिहायचं : जागा, किती फुटांवर, किती इंच, दहापैकी किती खात्री आणि कशावरून. उजवं पान बोअर झाल्यावर. खाडाखोड नाही. वर्षाने बसून मोजलं तर ज्या जागांपुढे मी ‘दहापैकी नऊ’ लिहिलं होतं, त्यातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त खऱ्या ठरल्या होत्या. ओढ्याकाठच्या बऱ्या, माळावरच्या वाईट. माळावर मी पाणाड्याहून फार शहाणी नव्हते. गंमत म्हणजे वही उघडण्याआधी कोणी विचारलं असतं, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की माझ्या बहुतेक जागा लागतात. मला खरंच तसं आठवत होतं.

तेव्हा चौथ्या बोअरआधी असं करा. गावातले दगड मोजा, सगळे, सोसायटीच्या चेअरमनच्या शेतातलेही. मग तुमचा पाणाड्या, दुसरा एखादा पाणाड्या आणि एक भूवैज्ञानिक अशा तिघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा. एकाच्या खुणा दुसऱ्याला दिसू देऊ नका. तिघांनी खोली आणि इंच कागदावर लिहून सही करायची. मुलालाही लिहायला लावा, नुसतं ‘योगायोग’ म्हणून त्याला सोडू नका. योगायोग म्हणणाऱ्यालाही आकडा सांगता आला पाहिजे. आणि दगड मोटारींपेक्षा जास्त निघाले, तर बोअरच्या पैशात जुनी विहीर गाळून घेता येते का, ते आधी बघा.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी.ला आहे. आजोबा किल्लारीच्या भूकंपातून वाचले. ते म्हणतात, आदल्या वर्षी हादरे बसत होते, तरी जो तो सांगायचा की दख्खनच्या पठारावर मोठा भूकंप होत नाही, नकाशातही आपण सर्वांत सुरक्षित पट्ट्यात आहोत. ‘मग शिकलेल्यांचं का ऐकायचं?’ असं ते विचारतात. मला उत्तर देता येत नाही. — एक विद्यार्थिनी, उमरगा

आजोबांना माझा नमस्कार सांग. १९९२ मध्ये त्या भागात हादरे बसत होते हे खरं आहे आणि नकाशाचंही खरं आहे. देशाचे भूकंपाच्या धोक्यानुसार पाच पट्टे केले होते आणि किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, त्याच पट्ट्यात हजारो माणसं गेली.

आता तो नकाशा कसा रंगवतात ते बघ. मुख्य आधार मागच्या भूकंपांच्या नोंदींचा. यंत्रांच्या नोंदी शंभरेक वर्षांच्या, कागदपत्रांच्या काही शतकांच्या. जमिनीतली एखादी भेग हजारो वर्षांतून एकदा सरकत असेल, तर शंभर वर्षांच्या वहीत ती दिसायची कशी? तिथे खरं तर ‘आमच्याकडे नोंद नाही’ एवढंच लिहिलेलं होतं. आपण सगळ्यांनी ते ‘धोका नाही’ असं वाचलं. मीही वाचलं. मी भूविज्ञानाचीच होते आणि मलाही त्या पहाटेपर्यंत ते खटकलं नव्हतं.

आणि मला तर खटकायला हवं होतं, कारण मी कराडची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी नऊ वर्षांची होते. आधी मांडणीवरची भांडी कोसळल्याचा आवाज, मग वडिलांनी बखोट धरून अंगणात काढलं, मग थंडीत कुडकुडत सगळी गल्ली उजाडेपर्यंत रस्त्यावर. कोयनेचा तो भूकंप ६.३ तीव्रतेचा होता. त्याआधी दख्खनचं पठार अढळ मानलं जायचं. धरणात पाणी साठू लागल्यावर बारीक हादरे सुरू झाले होते, आणि जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपाचं उदाहरण म्हणून आज जगभर कोयनेचं नाव घेतात. त्यानंतर नकाशा बदलला, कोयनेचा भाग चौथ्या पट्ट्यात गेला. किल्लारी होती तिथेच राहिली. अढळ म्हणवणारं पठार एका जागी हललं होतं, तर शंका अख्ख्या पठारावर घ्यायला हवी होती. आपण ती कोयनेपुरती घेतली. बैल गेला तिथलाच झोपा केला, बाकीचे गोठे उघडेच.

भूकंपानंतर किल्लारीत खोल बोअर घेऊन पाहिलं. बेसाल्टची जाडी निघाली सुमारे ३४० मीटर, आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना ‘नाइस’ नावाचा खडक. हालचाल त्या खालच्या खडकातली. आम्ही जन्मभर ज्याला घराचा पाया समजत होतो, ती वर पसरलेली सतरंजी होती.

२००२ साली देशाच्या नकाशातून पहिला पट्टाच काढून टाकला. लातूरचा भाग तिसऱ्यात गेला. या दुरुस्तीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, मला मात्र ती फार मोलाची वाटते. ‘इथे काही होणार नाही’ असं समजायला नकाशावर रंगच उरला नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांना विचार, माणसं कशाने गेली? भूकंपानंतर विहिरींची पातळी मोजायला मी तिकडे गेले होते. दीड-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीच्या धाब्याचं ओझं, आणि सगळं आत कोसळलेलं. भूकंप कुठल्या तारखेला होईल हे आजही जगात कोणालाच सांगता येत नाही. कुठली भिंत पडेल हे मात्र नीट सांगता येतं. ही दोन्ही वाक्यं सारख्याच ठाम आवाजात म्हणणारा शिकलेला माणूस भेटला तर आजोबांसारखाच संशय घे. पहिल्या वाक्याला ‘माहीत नाही’ म्हणणारा भेटला, तर त्याचं दुसरं वाक्य कान देऊन ऐक आणि घरी जाऊन भिंती बघ.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज येतो : ‘आज रात्री १२.३० ते ३.३० मंगळावरून कॉस्मिक किरण येणार, मोबाईल बंद ठेवा, नासाने सांगितलंय.’ मी फिजिक्सचा नाही. खरं-खोटं कसं ठरवू? — एक वाचक, डोंबिवली

फिजिक्स लागतच नाही. ‘आज’ म्हणजे कोणता आज? ज्या मेसेजवर तारीख नसते तो कधीच शिळा होत नाही, म्हणून तर तो वर्षानुवर्षं फिरतो. बाकी कॉस्मिक किरण आपल्यावर चोवीस तास पडत असतात, ते लांबच्या ताऱ्यांकडून वगैरे येतात, मंगळ काही दुकान उघडून बसलेला नाही.

पण हसताना जपून. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं. ग्रुपवर अफवा सुरू झाल्या, तेव्हा ‘ताई, तुम्ही सांगा’ म्हणून विचारणा झाली आणि मी मिनिटभरात ठोकून दिलं : बेसाल्टमधलं लोह. नमुना पाहिला नाही, कोणाला विचारलं नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं तर ते खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम निघालं, पाणी आटून क्षार वाढले होते आणि त्यांना ते मानवलं होतं. मी खडकवाली, मला सगळीकडे खडकच दिसला. माझा तो मेसेज तीन ग्रुपांवर ‘ज्येष्ठ भूवैज्ञानिक म्हणतात’ अशा मथळ्याने फिरला. दुरुस्ती टाकली, ती कोणी पुढे पाठवली नाही.

प्रश्न : ताई, ‘हे’ निवृत्त इंजिनिअर. पेट्रोलचे भाव, गुडघ्याचं ऑपरेशन, सुनेने मुलाला कसं जेवू घालावं, सगळं यांना माहीत. समोरचा बोलायच्या आत निकाल. मी चाळीस वर्षं गप्प बसले. वाद न घालता यांना कसं सांगू? — एक भगिनी, इंदूर

वहिनी, ‘तुम्हाला यातलं काय कळतं’ असं चुकूनही म्हणू नका, ते मरेपर्यंत ते सिद्ध करत बसतील. कारणंही विचारू नका. ‘का’ विचारलं की कारणांचं पोतं उघडतं आणि माणूस आणखी ठाम होतो. ‘कसं’ विचारा. ‘अहो, हे नक्की कसं चालतं, मला एकेक पायरी सांगा ना.’ आणि खरोखर ऐकायला बसा.

येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काईल या दोघांनी २००२ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. लोकांना विचारायचं : पॅन्टची चेन, कुलूप, संडासची टाकी कशी चालते ते तुम्हाला किती समजतं? लोक स्वतःला बरे गुण द्यायचे. मग सांगायचं, आता पायरी-पायरीने लिहून काढा. लिहायला बसल्यावर पेन अडायचं आणि पुन्हा गुण द्यायला सांगितलं की गुण खाली यायचे. कोणी त्यांना खोडून काढलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच दिसलं.

हे मला कसं पटलं ते सांगते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं, “ताई, तीन शिट्ट्या म्हणजे नक्की काय हो? तुमच्या कुकरच्या तीन शिट्ट्यांत डाळ गाळ होते आणि पलीकडच्या मॅडमच्या कुकरला पाच लागतात.” मी म्हटलं, वाफेच्या दाबाने शिजतं. “ते झालंच. पण शिट्टी झाली म्हणजे शिजलं का? का शिजताना शिट्टी होती?” मी तोंड उघडलं आणि मिटलं. दाबाखाली पाणी शंभर अंशांऐवजी एकशेवीसच्या आसपास उकळतं, हे मला पाठ होतं. पण शिट्टी मोजून नक्की काय मोजतो, याचा विचार मी उभ्या जन्मात केला नव्हता. मग दोघींनी ओट्यापाशी उभं राहून घड्याळ लावलं. वजन उचललं गेलं की आतला दाब त्यापुढे वाढत नाही, जास्तीची वाफ फक्त बाहेर जाते. म्हणजे शिजवतो तो त्या दाबाखाली गेलेला वेळ. गॅस मोठा असेल तर शिट्ट्या भराभर होतात आणि तीन शिट्ट्यांत वेळ थोडाच जातो. पलीकडच्या मॅडम गॅस मोठा ठेवतात. मावशी आता पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करतात आणि घड्याळ बघतात. दोन्ही घरची डाळ सारखी होते.

तुमच्याकडे कुकरपासूनच सुरुवात करा. इंजिनिअर आहेत, त्यांना आवडेल. गुडघ्याचं ऑपरेशन दुसऱ्या आठवड्यात घ्या, सुनेपर्यंत यायला दिवाळी उजाडेल.

आणि एक तुमच्याबद्दल. चाळीस वर्षं घर चालवून तुम्हाला काय-काय माहीत झालंय, याची यादी कधी केली आहे का? सिन्नरच्या दादांचा पाणाड्या वाचलात ना वर?

प्रश्न : तुम्ही ‘माझ्या चुका’ म्हणता, पण सांगता त्या सगळ्या हसण्यासारख्या. दुसऱ्या कोणाला महागात पडलेली एखादी सांगा. — एक शिक्षक, सांगोला

सर, तुम्ही बरोबर पकडलंत. सांगते.

वही घालण्याआधीचं, नव्वदीच्या दशकातलं एक दुष्काळी वर्ष, साताऱ्याच्या पूर्वेकडचं गाव. तिथली एक शेतकरी बाई. तिचा नवरा मुंबईला माथाडी, ती दोन मुलं आणि सासू घेऊन गावी. दीड एकर माळ. मी खुंट्या ठोकल्या, मापं घेतली. सव्वाशे-दीडशे फुटांवर विजेला होणारा अडथळा चांगला खाली येत होता. पाण्याने भरलेली जाळी असली की असंच दिसतं. मी म्हटलं, “पाणी आहे.” तीनच शब्दांत नाही, दोनच शब्दांत.

दीडशे फुटांवर गाडीने वर काढला तो तांबडा चिकट गाळ. दोन लाव्ह्यांच्या थरांमध्ये कधीकधी लाल मातीचा थर दबलेला असतो, आम्ही त्याला रेड बोल म्हणतो, गावाकडे गेरू. ओली चिकणमाती वीज सहज वाहून नेते, म्हणून यंत्रावर ती पाण्यासारखीच दिसते. हे मला माहीत होतं. महिनाभर आधी नव्या मुलांना मीच फळ्यावर शिकवलं होतं. शेतात उभी राहिले तेव्हा आठवलं नाही, किंवा आठवायला नको होतं. ती आशेने बघत होती आणि ‘पाणी आहे’ म्हणताना मलाही बरं वाटत होतं. दोनशे फुटांपर्यंत नेलं. कोरडी.

संध्याकाळी तिने चहा केला. कपबशी हातात देऊन विचारलं, “बाई, तुमाला पक्कं ठावं हुतं का?” मी पहिल्यांदा मनाशी हिशेब केला. म्हटलं, “दहात सहा.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तवाच सांगायचं की. दहात सहावर मी म्हस इकली नसती. आदी दिराची हीर गाळली आस्ती. म्हस ऱ्हायली आस्ती.”

तिचा हिशेब माझ्यापेक्षा चोख होता. मी तिला तो करूच दिला नव्हता. ते चार माझ्या खिशात राहिले आणि म्हैस तिची गेली.

पुढच्या आठवड्यापासून मी अहवालात खात्रीचा आकडा लिहायला लागले : दहापैकी सहा, दहापैकी चार. तिसरा अहवाल वरून परत आला. आकड्यावर लाल शाईची रेघ आणि समासात शेरा : ‘मत ठाम असावे.’ अहवालात मग मी ठाम लिहीत राहिले आणि बांधावर उभं राहून तोंडी आकडा सांगत राहिले. काही लोक आकडा ऐकून बोअर रद्द करायचे. तक्रारी झाल्या, एकदा बदलीही झाली.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्या वाटेने गेले होते. दिराची विहीर गाळून झाली होती, तळाला पाणी होतं, डिझेल पंप चालू होता. गोठा रिकामा. माझ्या बोअरच्या केसिंगवर तिने मोठा दगड ठेवला होता. “पोरं खेळत्यात हितं,” ती म्हणाली, “पडायची एखादं.”